"फक्त एका हंगामापुरता"
(सभासदांच्या पाल्यांच्या गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



दहावी-बारावीच्या गुणगौरवात वक्त्याने "खूप शिका, मोठे व्हा" असे सांगून खाली बसावे, अशी रीत आहे. ते तुम्ही घरी रोज ऐकता आणि मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही, म्हणून मी तसे सांगत नाही. मला बोलायचे आहे ते बारावी होताच कामाला लागणाऱ्या मुलांविषयी, आणि तीही अमेरिकेतली मुले. आपल्या वसाहतीत हल्ली एक वाक्य वरचेवर कानावर येते: "एखादे वर्ष कुठेतरी काम करतो, मग पुढचे बघू." कुणी हॉटेलात लागतो, कुणी पार्सले पोचवतो. अगदी हेच वाक्य बोलून अमेरिकेतली अठरा-एकोणीस वर्षांची हजारो मुले दरवर्षी नोव्हेंबरात घर सोडतात आणि बर्फाच्या डोंगरावर कामाला जातात. त्या वाक्याची किंमत कोण मोजतो, हे पाहण्यासारखे आहे.

स्कीइंग म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत यायचे. आपल्याकडे गुलमर्गला आणि औलीला हा खेळ चालतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात, कोलोरॅडो, युटा, आयडाहो या राज्यांत त्याची गावेच्या गावे आहेत. हंगाम साधारण नोव्हेंबरअखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. या चार-पाच महिन्यांत हजारो माणसे कामाला लागतात आणि एप्रिल उलटला की त्यांतली बहुतेक नकोशी होतात. असे कामगार मिळणार कुठून? ज्याच्यामागे संसार नाही, ज्याला डोंगराची हौस आहे, त्यालाच हे परवडते. म्हणून हायस्कूल संपवलेली मुले येतात. पेरू, अर्जेंटिनासारख्या दक्षिणेकडच्या देशांतूनही विद्यार्थी खास व्हिसावर येतात, कारण डिसेंबर ते फेब्रुवारी हीच त्यांची उन्हाळ्याची सुटी.

आता रेल्वेवाल्यांनी जरा कान द्यावा, कारण या धंद्यात आपल्या खात्याचा हात आहे. तिकडे युनियन पॅसिफिक नावाची मोठी रेल्वे कंपनी आहे. १९३० नंतरच्या मंदीत तिच्या प्रवासी गाड्या रिकाम्या धावत होत्या. संचालक मंडळाचे अध्यक्ष अॅव्हरेल हॅरिमन यांनी विचार केला की, हिवाळ्यात लोकांनी गाडीत बसावे असे वाटत असेल तर जायला एखादे ठिकाणही आपणच बांधले पाहिजे. आयडाहोमधल्या केचम गावाजवळ, जिथे कंपनीची शाखा लाईन जात होती, तिथे १९३६ च्या डिसेंबरात 'सन व्हॅली' सुरू झाली. लोकांना डोंगरावर चढवायचे कसे, हा प्रश्न सोडवला जेम्स करन या रेल्वेच्याच इंजिनिअरने. जहाजात केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्राची त्याला माहिती होती. फिरत्या दोरावर घड अडकवतात तशी त्याने माणसासाठी खुर्ची अडकवली. ओमाहाच्या रेल्वे आवारात ट्रकला खुर्ची बांधून, माणसांच्या पायात चाकांचे बूट घालून त्याची चाचणी घेतली. जगातली पहिली चेअरलिफ्ट ती हीच. ज्या लिफ्टवर आज ही पोरे राबतात, ती रेल्वेच्या माणसाच्या डोक्यातून निघाली, हे मला फार गमतीचे वाटते.

कोलोरॅडोतले विंटर पार्क हेही लोहमार्गाचेच अपत्य. तिथे डोंगराच्या पोटातून सुमारे दहा किलोमीटरचा मॉफट बोगदा १९२८ मध्ये खुला झाला. त्या कामात २८ मजुरांचा जीव गेला. बोगदा झाल्यावर पश्चिम तोंडाशी मजुरांच्या रिकाम्या खोपट्या उरल्या. डेन्व्हर शहरातले हौशी लोक गाडीने येऊन त्यांत मुक्काम करू लागले आणि १९४० मध्ये तिथे रीतसर केंद्र निघाले. आपल्या घाटातले बोगदे खोदणाऱ्यांच्या झोपड्यांचे पुढे काय झाले, कुणास ठाऊक.

तिसरे गाव युटामधले पार्क सिटी. हे चांदीच्या खाणींचे गाव. खाणी बसल्या तेव्हा खाण कंपनीनेच सरकारी कर्ज काढून १९६३ मध्ये तिथे स्कीइंग सुरू केले. पहिल्या वर्षांत गिऱ्हाइकांना खाणीच्या गाडीत बसवून बोगद्यातून काही किलोमीटर आत नेत आणि मग खाणीच्याच पाळण्याने वर डोंगरावर काढत. काल चांदी खणणारे हात आज पाहुण्यांना खुर्चीत बसवू लागले. या पार्क सिटीकडे मी पुन्हा येणार आहे.

तर अशा ठिकाणी नवीन मुलाला पहिले काम मिळते ते बहुधा लिफ्टवर. लांबून पाहणाऱ्याला वाटते, खुर्ची आली, माणूस बसला, झाले. प्रत्यक्षात हे काम आपल्या पॉइंट्समनसारखे आहे, नजर हटली की घात. फलाटावरचा बर्फ सकाळी फावड्याने सारखा करायचा. प्रत्येक खुर्चीवर लक्ष ठेवायचे, लहान मूल असेल तर ती हाताने आवरायची, कुणी पडले तर त्या क्षणाला लिफ्ट थांबवायची. दिवसभर उभे राहून, शून्याखालच्या थंडीत. रात्रपाळीत दुसरी माणसे असतात. ती यंत्राने उतार सारखे करतात. हंगामाच्या सुरुवातीला पुरेसा बर्फ पडला नसेल तर नळांतून पाणी आणि दाबाची हवा सोडून कृत्रिम बर्फ तयार करतात. सगळ्यात जोखमीचे काम गस्ती पथकाचे. ती माणसे उजाडण्यापूर्वी वर जातात आणि जिथे हिमस्खलनाचा धोका आहे तिथे सुरुंग लावून तो बर्फ आधीच खाली पाडतात. मग उतार खुला होतो. दिवसभरात कुणाचा पाय मोडला तर प्रथमोपचार करून त्याला घसरगाडीवर बांधून खाली आणणारेही तेच.

मित्रहो, डोंगराची आणि बर्फाची हौस वाटणाऱ्या पोराला मी नावे ठेवत नाही. आपण तरी रेल्वेत का आलो? पुष्कळांना लहानपणी इंजिनाचेच वेड होते. पण मालक त्या हौशीचा हिशेब कसा मांडतो ते बघा. प्रत्येक कामगाराला हंगामाचा पास फुकट. बाहेरच्या माणसाला तो शेकडो डॉलर मोजून घ्यावा लागतो. मुलगा खूष! आपल्यालाही पास आहे, पी.टी.ओ. आहे, त्याचा आपल्याला अभिमानही आहे. मात्र पास दाखवून वाणी तांदूळ देत नाही, हे घर चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

दुसरी गोष्ट राहण्याची. श्रीमंतांनी सुटीसाठी घरे घेतल्यामुळे या गावांत भाडी आकाशाला भिडली आहेत. कंपनीच्या वसतिगृहात जागा मिळाली तर भाडे पगारातून कापले जाते. नाही मिळाली तर एका खोलीत चौघे-पाच जण, नाहीतर गाडीतच झोपायचे, नाहीतर पन्नास किलोमीटरवरून रोज यायचे. आणि वसतिगृहात राहणाऱ्याची नोकरी गेली की खोलीही गेली. आपल्याला निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावेच लागते, पण चार महिने तरी मुदत असते, आणि ती कुणाच्या मर्जीने मिळालेली नाही. १४ मार्च २०२० ला करोनामुळे कोलोरॅडोच्या राज्यपालांनी सगळी केंद्रे बंद करण्याचा आदेश काढला. अजून महिनाभर चालणारा हंगाम एका रात्रीत आटोपला. घरापासून दूर आलेली ती मुले काम आणि छप्पर या दोन्हींच्या काळजीत एकाच वेळी पडली.

यावर कुणी म्हणेल, मग बोलत का नाहीत? आपण पुन्हा त्या वाक्यावर आलो. "मी फक्त एका हंगामापुरता आलोय." ज्याला एप्रिलमध्ये जायचे आहे तो मार्चमध्ये भांडण कशाला काढेल? पुढच्या नोव्हेंबरात नवी मुले येतात, त्यांनाही पहिल्यापासून सुरुवात. व्यवस्थापनाला कुणाला धमकी द्यावी लागत नाही, कॅलेंडरच त्याच्या बाजूने असते. कायद्यानेही तिथे हंगामी माणसाला बाजूला ठेवले आहे. अमेरिकेचा १९३८ चा किमान वेतन आणि जादा कामाच्या मोबदल्याचा जो मुख्य कायदा आहे, त्यातून वर्षाला सात महिन्यांपेक्षा जास्त न चालणाऱ्या करमणुकीच्या आस्थापनांना सवलत मिळू शकते. माणसांची टंचाई असल्यामुळे प्रत्यक्षात पगार त्या किमानापेक्षा जास्त द्यावा लागतो, ही गोष्ट वेगळी.

आपल्या जुन्या सभासदांना हे ऐकून कॅज्युअल लेबर आठवले असेल. चालू लाईनवर सलग १२० दिवस भरले की तात्पुरत्या कर्मचाऱ्याचा दर्जा मिळे, म्हणून दिवस भरत आले की मजुराला मध्येच घरी बसवायचे, हा खेळ किती जणांनी पाहिला! प्रकल्पांवरच्या मजुरांना तर १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात इंदर पाल यादव प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत वाट पाहावी लागली. टपाल खात्यातल्या एक्स्ट्रा डिपार्टमेंटल बंधूंचे, ज्यांना आता ग्रामीण डाक सेवक म्हणतात, त्यांचे दुखणेही त्याच जातीचे. काम रोजचे, पण कागदावर माणूस "खात्याबाहेरचा".

डोंगरावर मात्र काही माणसे परत जात नाहीत. एका हंगामासाठी आलेला मुलगा दुसऱ्या हंगामाला येतो, मग पाचव्या, मग पंधराव्या. गस्ती पथकात अशी माणसे जास्त, कारण सुरुंग आणि हिमस्खलन हे एका वर्षात शिकायचे काम नव्हे. त्यांच्या ध्यानात आले की आपण पाहुणे नसून हा आपला पेशा आहे, आणि तिथून संघटना सुरू झाल्या. २०२१ मध्ये कोलोरॅडोतील ब्रेकनरिजच्या पथकाने मतदान करून संघटना केली, तीही काठावरच्या बहुमताने. पार्क सिटीत गस्ती पथकाच्या मागोमाग लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियन मंडळींनीही केली. हे सगळे ज्या राष्ट्रीय युनियनशी जोडले गेले ती मूळची टेलिफोन कामगारांची, कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका. टपाल-तारवाल्यांना हे ऐकून बरे वाटेल. तारा ओढणाऱ्यांनी बर्फातल्या माणसांना आपल्यात घेतले.

पार्क सिटीचा करार एप्रिल २०२४ मध्ये संपला. महिनोन्‌महिने वाटाघाटी चालल्या. नव्या माणसाचा दर तासाला २१ डॉलर होता, संघटनेची मागणी २३ ची. डॉलरचे रुपये करून डोळे मोठे करू नका, तिथले घरभाडेही डॉलरमध्येच असते. केंद्राची मालक कंपनी चार देशांत मिळून चाळीसहून अधिक डोंगर चालवते, शेअर बाजारात तिची नोंद आहे. आणि मागणी तासाला दोन डॉलरची! अखेर २७ डिसेंबर २०२४ ला, नाताळच्या सुटीच्या ऐन गर्दीत, पथकाचे सुमारे २०० जण संपावर गेले. कंपनीने दुसऱ्या डोंगरांवरून माणसे आणली, पण जो उतार सुरक्षित करायचा त्याची नस न् नस माहीत असलेला माणूस कुठून आणणार? डोंगराचा मोठा भाग बंद राहिला आणि जेवढा चालू होता त्या लिफ्टसमोर न संपणाऱ्या रांगा लागल्या. हजारो डॉलर खर्चून आलेले पाहुणे रांगेत उभे राहून कंपनीच्या नावाने बोटे मोडू लागले. त्यांतलेच काही संपकऱ्यांना खाऊपिऊ आणून देत होते. गाड्या खोळंबल्या की प्रवासी कुणावर चिडतो, हे आपण १९७४ साली अनुभवले आहे, त्यामुळे ही बाब मला महत्त्वाची वाटते. लोकांना हिशेब नीट सांगितला की लोक समजून घेतात.

तेरा दिवसांत निकाल लागला. ८ जानेवारी २०२५ ला सभासदांनी नवा करार मंजूर केला. सुरुवातीचा दर २३ डॉलर झाला, सरासरी वाढ तासाला सुमारे चार डॉलरची मिळाली, आणि सर्वांत अनुभवी लोकांना त्याहून कितीतरी जास्त. हा भाग मुलांनी लक्षात घ्यावा. मागणी नव्या पोरांच्या दराची होती, पण जास्त वाटा मिळाला तो जे टिकून राहिले त्यांना. काही वर्षे काढली की पगार तिथेच तुंबतो आणि माणूस डोंगर सोडतो, हेच त्यांचे मुख्य दुखणे होते. करार एप्रिल २०२७ पर्यंतचा आहे.

त्या नोव्हेंबरात जो अठरा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा लिफ्टवर उभा राहिला असेल, त्याच्या पगारात या करारातून एक पैसाही आला नाही. करार गस्ती पथकाचा होता, त्याची संघटनाच नव्हती. संपाचे तेरा दिवस तो आपल्या जागी फावडे घेऊन उभा होता, समोरच्या लांबलचक रांगेची बोलणी खात.