अफूचा चीक आणि बंदीचा हुकूम

अफूचें पीक कसें निघतें हें माळव्याशीं ज्यांचा संबंध आला आहे त्यांना सांगावयास नको. नीमच-मंदसोरकडे सरकारी परवान्यानें तें आजही होतें. एकोणिसाव्या शतकांत तर माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनला जात असे, आणि त्या व्यापारावर मुंबईंतील कित्येक पेढ्या गबर झाल्या. परंतु आजच्या भाषणाचा विषय अफगाणिस्तान हा आहे. चाळीस वर्षांहून अधिक काळ जेथें युद्धाचा वणवा धुमसत राहिला, तेथें हें पीक इतकें कां फोफावलें आणि बंदीनें काय साधलें, हें पाहूं.

हेलमंद नदीच्या खोऱ्यांतील शेतकऱ्याची अडचण प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. त्या देशांत द्राक्षें व डाळिंबें उत्तम होतात. पण वाटेंत सुरुंग आणि नाक्यानाक्यावर बंदूकवाल्यांची वसुली असली म्हणजे नाशवंत माल बाजारीं पोंचावयाचा कसा? अफूचें तसें नाहीं. संध्याकाळीं बोंडाला चिरा द्यावयाच्या, सकाळीं सुकत आलेला चीक खरवडून घ्यावयाचा, कीं झाला माल तयार. वजन थोडें, मोल मोठें, आणि वर्षभर घरांत ठेविला तरी नासत नाहीं. व्यापारी स्वतः दारीं येतो. इतकेंच नव्हे, तर पीक उभें राहण्यापूर्वीं त्यावर आगाऊ उचलही देतो. ह्या उचलीला तिकडे ‘सलाम’ म्हणतात. पेढी नाहीं, सरकारी तगाई नाहीं, अशा मुलखांत हिंवाळा काढावयास दुसरा आधार कोणता? मात्र पीक बुडालें कीं तीच उचल गळ्याचा फांस होते. असें कर्ज फेडण्यासाठीं पोटच्या मुली लग्नाच्या नांवाखालीं सावकाराच्या घरीं दिल्याचे प्रकार तेथें घडलेले आहेत.

आतां धोरणाकडे वळूं. इ. स. २००० मध्यें तालिबानचा प्रमुख मुल्ला उमर ह्यानें अफूच्या लागवडीस बंदी केली. त्या वर्षीं सुमारें ८२,००० हेक्टर असलेली लागवड २००१ सालीं ८,००० हेक्टरांच्या घरांत आली. पुढें ती राजवट कोसळली आणि लागवड लागलीच पूर्ववत् झाली. नंतर अमेरिकेनें २००२ पासून २०१७ पर्यंत अफूच्या बंदोबस्तावर सुमारें ८६० कोटी डॉलर ओतले; आणि ह्याच २०१७ सालीं लागवड ३,२८,००० हेक्टर, म्हणजे तोंवरच्या साऱ्या नोंदींहून अधिक झाली! ह्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. ज्याला वशिला होता त्याचें शेत राहिलें. ज्याला नव्हता त्याचें उखडलें गेलें. शेत उखडलेला मनुष्य सरकारचा मित्र कसा होणार? शिवाय अफूवरील वसुलींत बंडखोरांचा वांटा होता, तसाच सरकारी अंमलदारांचाही होता.

एप्रिल २०२२ मध्यें, पुन्हां सत्तारूढ झालेल्या तालिबानच्या मुखत्यारानें, हैबतुल्ला अखुंदजादा ह्यानें, दुसरा बंदीहुकूम काढला. २,३३,००० हेक्टरांवरून लागवड एका वर्षांत १०,८०० हेक्टरांवर आली आणि अफूचें उत्पन्न ६,२०० टनांवरून ३३३ टनांवर. जें परकीय द्रव्यानें झालें नाहीं तें एका हुकमानें झालें, असें कौतुक पुष्कळांनीं केलें. कौतुक खोटें नाहीं, पण अपुरें आहे. शेतकऱ्यांच्या पदरांत अफूपासून २०२२ सालीं सुमारें १३६ कोटी डॉलर पडले होते, ते पुढील वर्षीं ११ कोटी झाले. अफूच्या जागीं गहूं पेरला. परंतु २०२३ च्या भावानें एका हेक्टरांतील गव्हाचे ७७० डॉलर येत, तर अफूचे सुमारें १०,००० डॉलर आले असते. उलट, ज्यांच्या कोठारांत जुना साठा होता त्यांचें फावलें. बंदीपूर्वीं सुमारें १०० डॉलर किलोचा भाव २०२४ च्या प्रारंभीं ७३० डॉलरांपर्यंत चढला. लहान शेतकरी तर पीक निघतांच विकून मोकळा होतो. साठा करणें मोठ्या जमीनदारालाच परवडतें. म्हणजे एकाच हुकमानें गरिबाची चूल विझविली आणि धनवंताची तिजोरी भरली.

भाव चढले कीं धाडस वाढतें. लागवड दक्षिणेकडून ईशान्येच्या डोंगराळ बदख्शान प्रांताकडे सरकली. मे २०२४ मध्यें तेथें पीक उखडण्यास आलेल्या पथकांना गांवकऱ्यांनीं विरोध केला, त्या दंगलींत माणसें मेलीं. दरम्यान अफूच्या उत्पन्नांत पहिला क्रमांक २०२३ सालीं म्यानमारकडे गेला. तेथें फेब्रुवारी २०२१ मध्यें लष्करानें सत्ता बळकाविल्यापासून यादवी माजली आहे, आणि शान प्रांतांतील डोंगरांत शेतकऱ्याला तीच उचल व तोच दारीं येणारा व्यापारी भेटतो. अफगाणिस्तानांत २०२५ सालीं लागवड १०,२०० हेक्टरांवर होती. इराण-पाकिस्तानांतून परत पाठविलेले लक्षावधि निर्वासित त्याच गांवीं उतरत होते, आणि पाऊस नव्हता.