बास्केटबॉलमधील दडपणाचा बचाव



बास्केटबॉल हा उंच माणसांचा खेळ, अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि ती अगदींच खोटी आहे असें मी म्हणणार नाहीं. टोपली जमिनीपासून दहा फुटांवर टांगलेली. ज्याचा हात तिच्याजवळ पोंचतो त्याचें काम सोपें. परंतु मैदानाची लांबी २८ मीटर आहे, आणि त्या लांबीवर उंचीपेक्षां पाय अधिक उपयोगी पडतात. ठेंगण्या मुलांच्या संघाला उंच संघाशीं बरोबरीनें खेळतां यावें, अशी एक युक्ति या खेळांत आहे. इंग्रजींत तिला 'प्रेस' म्हणतात. आपण दडपणाचा बचाव म्हणूं. शाळेंतील मुलांना ती कशी शिकवावी, आणि शिकविल्यावर कोठें आवरावी, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

सर्वसाधारण बचावांत संघ मागें जाऊन स्वतःच्या टोपलीपाशीं उभा राहतो. दडपणाच्या बचावांत तो प्रतिपक्षाला त्याच्याच अंगणांत गांठतो. येथें खेळाचे नियम आपल्या साह्यास येतात. आपण गुण केल्यावर प्रतिपक्षाला शेवटच्या रेषेबाहेरून ५ सेकंदांत चेंडू आंत टाकावा लागतो, तो ८ सेकंदांत मध्यरेषेपलीकडे न्यावा लागतो, आणि एकदां नेला कीं पुन्हां मागें आणतां येत नाहीं. म्हणजे घड्याळ हा आपला सहावा गडी आणि कडेची रेषा हा सातवा! हुतूतूंत चढाई करणाऱ्याला कोपऱ्यांत घेऊन साखळी कशी घालतात हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना यांतील तत्त्व निराळें सांगावयास नको.

याचें प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील आहे. जॉन वुडन हे पूर्वीं इंडियाना राज्यांत शाळेंत इंग्रजी शिकवीत. पुढें ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संघाचे शिक्षक झाले. १९६३-६४ च्या हंगामांत त्यांच्या पहिल्या पांच गड्यांपैकीं कोणीही ६ फूट ५ इंचांहून उंच नव्हता. दोन गडी पुढें, दोन मध्यें आणि एक मागें, अशी रचना करून त्या संघानें ३० पैकीं ३० सामने जिंकले. अंतिम सामन्यांत ड्यूक विद्यापीठाकडे ६ फूट १० इंचांचे दोन गडी असतांही ९८-८३ असा विजय मिळविला. त्या रचनेचा मुख्य हेतु चेंडू हिसकावणें हा नव्हता, तर प्रतिपक्षाला घाई करावयास लावणें हा होता. घाईंत जें हातून सुटतें तें उचलावयास आपण जागेवर असलें म्हणजे झालें.

आतां मुलांना शिकवावयाचें कसें? प्रथम पाय, हात मागाहून. मुलांची ओढ चेंडूवर झडप घालण्याकडे असते. त्यांतून फाऊल होतो आणि पंचांची शिटी वाजते. म्हणून पहिले कांहीं दिवस हात पाठीशीं धरूनच सराव घ्यावा. गुडघे वांकवून, समोरच्याच्या पोटाकडे नजर ठेवून, खेकड्यासारखें बाजूनें सरकावयाचें, आणि त्याला मधून जाऊं न देतां कडेच्या रेषेकडे वळवावयाचें. हें साधलें कीं जोडीला दुसरा गडी द्यावा. दोघांनीं मिळून कोंडी करावयाची. मधून वाट राहूं नये इतकें जवळ उभें राहावयाचें, हात मात्र वर. कोंडींत सांपडलेला मुलगा टप्पे थांबवितो आणि चेंडू उंच व संथ फेंकतो. तो चेंडू आपल्या तिसऱ्या-चौथ्या गड्यानें टिपावयाचा. पांचवा टोपलीची राखण सोडीत नाहीं. कोंडी फुटली तर पुढच्या चौघांनीं चेंडूकडे पाहत न राहतां मागें धांव घ्यावयाची. मुलांना सर्वांत कठीण जातें तें हेंच.

असा बचाव पांच मुलांना सामनाभर झेपत नाहीं. बांकावरच्या मुलांनाही आळीपाळीनें उतरवावें लागतें. मला तर हा त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. गुणफलकावर टोपली करणाऱ्याचे गुण चढतात. ज्यानें वाट अडविली त्याचें नांव शिक्षकानें घेतलें नाहीं तर दुसरें कोणी घेत नाहीं. तें मोठ्यानें घ्यावें.

मात्र हेंच शस्त्र लहान वा नवशिक्या मुलांवर चालविलें तर खेळ उरत नाहीं. दहा वर्षांच्या मुलाच्या हातांत कोंडीवरून लांब चेंडू फेंकण्याची ताकदच नसते. म्हणून अनेक ठिकाणीं लहान वयाच्या स्पर्धांत या बचावाला बंदी किंवा मर्यादा घातलेली असते. एका आंतरशालेय सामन्यांत आमचीं मुलें प्रारंभींच वीस गुणांनीं पुढें गेलीं. समोरच्या संघांत चेंडू घ्यावयास कोणी पुढें येईना. मीं आमच्या मुलांना मध्यरेषेमागें बोलाविलें. सामना संपल्यावर आमच्याच एका पालकांनीं विचारलें, "मास्तर, जिंकत असतांना मुलांना माघार कां घ्यावयास लावलीत?" मीं म्हटलें, "अहो, समोर कोणी खेळत राहिलें तरच आपल्या मुलांना खेळतां येईल." त्यांना तें पटलेलें दिसलें नाहीं. परंतु उरलेल्या वेळांत समोरच्या मुलांनीं चार टोपल्या केल्या, आणि मागें राहून बचाव करण्याचा जो सराव आमच्या मुलांना नव्हता तो त्यांना मिळाला.

तेव्हां शिक्षकांना माझी विनंति अशी कीं, बारा वर्षांखालील मुलांना सरकणें आणि वाट अडविणें शिकवावें, कोंडी पुढच्या वयासाठीं राखून ठेवावी. आणि गुणांचें अंतर फार वाढलें कीं आपण होऊन मागें यावें. पालकांनाही एक सांगावेंसें वाटतें. आपला मुलगा किंवा मुलगी सामन्याहून घरीं आली म्हणजे किती गुणांनीं जिंकलांत हें अवश्य विचारा. पण त्याआधीं, तुमच्यापैकीं किती जणांना खेळावयास मिळालें, हें विचारा.