पाहण्याची मुदत



स्नेहसंमेलनाच्या प्रसंगी पाहुण्याने चार शब्द उपदेशाचे सांगावेत अशी आपल्याकडे रीत पडून गेली आहे. परंतु ज्याचे आयुष्य नेत्रवैद्यकाच्या व्यवसायात गेले अशा माझ्यासारख्या माणसाजवळ उपदेशाहून अधिक उपयोगाची अशी एक शास्त्रीय हकीकत आहे, आणि तिचा मुलांच्या हिताशी इतका निकटचा संबंध आहे की पालक आणि शिक्षक एकत्र बसलेले असताना ती त्यांच्या कानी न घालणे हे मला कर्तव्यात कसूर केल्यासारखे वाटेल. ही हकीकत मांजराच्या पिल्लांची आहे.

आपण डोळ्यांनी पाहतो असे म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. डोळा प्रकाश टिपतो आणि त्याची वर्दी मज्जातंतूंच्या वाटेने आत पाठवतो; त्या वर्दीतून आकार, अंतर आणि हालचाल उकलण्याचे कार्य डोक्याच्या मागील बाजूस असलेल्या मेंदूच्या भागात चालते. तिथे नेमके काय घडते याचा शोध घेण्यासाठी 1958 साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील स्टीफन कफलर यांच्या प्रयोगशाळेत दोन वैद्य एकत्र आले. एक कॅनडाचे डेव्हिड ह्यूबेल आणि दुसरे स्वीडनचे टॉर्स्टन वीझल. भूल दिलेल्या मांजराच्या मेंदूत एकेका पेशीलगत अतिसूक्ष्म तार नेऊन ठेवायची, मांजराच्या डोळ्यांपुढील पडद्यावर काळे-पांढरे ठिपके दाखवायचे आणि पेशी स्फुरण पावते का ते ऐकत राहायचे, असा त्यांचा क्रम होता. तासन्‌तास ठिपके दाखवूनही पेशी दाद देईना. आणि मग काचेची पट्टी यंत्रात सरकवीत असताना त्या पट्टीच्या कडेची पुसटशी सावली पडद्यावरून गेली मात्र, पेशीने अखंड कडकडाट सुरू केला. ठिपक्याशी तिला कर्तव्य नव्हते. तिला हवी होती एका विशिष्ट कलाची रेषा. मेंदू जग रेषारेषांनी उकलतो ही गोष्ट अशी उघडकीस आली.

पुढे बॉस्टनला, हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात, या दोघांनी आणखी मूलगामी प्रश्न हाती घेतला: ही रचना जन्मजात असते, की पाहून पाहून घडते? मांजराच्या पिल्लाचे डोळे जन्मानंतर आठ-दहा दिवसांनी उघडतात. ते उघडण्याच्या सुमारासच त्यांनी पिल्लाच्या एका डोळ्याची पापणी शिवून टाकली आणि दोन-तीन महिन्यांनी ती मोकळी केली. डोळा तपासला तर निर्दोष. प्रकाश पडताच बाहुली आकुंचन पावत होती, दृष्टिपटलही आपले काम बजावीत होते. परंतु चांगला डोळा झाकून पिल्लाला केवळ या डोळ्याच्या भरवशावर सोडले, तर ते वस्तूंवर आदळे आणि मेजाच्या कडेवरून थेट खाली पडे. एरवी मांजराच्या मेंदूच्या या मागील भागातील सुमारे चार पंचमांश पेशी दोन्ही डोळ्यांच्या संदेशांना उत्तर देतात. या पिल्लांत जवळजवळ साऱ्या पेशी केवळ उघड्या राहिलेल्या डोळ्याच्या झाल्या होत्या. हे निष्कर्ष 1963 मध्ये प्रसिद्ध झाले.

ज्यांचा महसुली दप्तराशी कधी संबंध आला असेल त्यांना हा मामला चटकन उमगेल. दोन भावांच्या सामाईक जमिनीत एकाने कसणे सोडले की दुसऱ्याचा नांगर हळूहळू बांध ओलांडतो, आणि काही काळाने वहिवाट त्याचीच लागते; मेंदूतही नेमके हेच घडते, आणि त्याचा दाखला असा की दोन्ही डोळे शिवले तर अनेक पेशी बिघडतात खऱ्या, पण एकच डोळा शिवल्यावर त्या डोळ्याचा हक्क जसा समूळ बुडतो तसा कोणाचाच बुडत नाही. म्हणजे अंधार हे हानीचे एकमेव कारण नव्हे. शेजारच्या डोळ्याशी लागलेली स्पर्धा अधिक घातक ठरते. ज्या पिल्लाने अजून जग पाहिलेलेच नाही त्याच्या मेंदूतही दोन्ही डोळ्यांची जोडणी बरीचशी सिद्ध असते, हेही त्यांनी दाखवले. जन्म ही जोडणी बहाल करतो. ती कायम होते वापराने.

आणि या वापराला मुदत आहे. पिल्लाच्या चौथ्या आठवड्याच्या आरंभी मेंदू एकाएकी विलक्षण संवेदनशील होतो. त्या काळात तीन-चार दिवस जरी डोळा बंद राहिला तरी त्याचा परिणाम पेशींत स्पष्ट दिसतो. सहाव्या ते आठव्या आठवड्यानंतर ही संवेदनशीलता ओसरू लागते आणि तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस ती संपते. पूर्ण वाढलेल्या मांजराचा डोळा वर्षभर मिटून ठेवला तरी काहीही बिघडत नाही. या संशोधनाबद्दल ह्यूबेल आणि वीझल यांना 1981 साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र ज्या मुक्या जिवांनी आपली दृष्टी गमावून हे ज्ञान आपल्या पदरी घातले त्यांचे ऋण मला नेहमीच त्या पारितोषिकाहून मोठे वाटत आले आहे, आणि त्या ज्ञानाचा उपयोग करून घेण्यात आपण आळस केला तर ते ऋण दुप्पट होते असे माझे मत आहे.

विद्यार्थिमित्रांनो, याच 1963 सालचा आणखी एक प्रयोग खास तुमच्यासाठी सांगतो. रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन या संशोधकांनी पिल्लांच्या जोड्या केल्या. एक पिल्लू आपल्या पायांनी गोल फिरे आणि त्याच्याच चालीने दुसरे पिल्लू एका झोपाळेवजा पेटीत बसून तेवढेच फिरवले जाई. दोघांच्या डोळ्यांपुढून जाणारी दृश्ये जवळजवळ सारखीच. तरीही जे आपल्या पायांनी चालले त्यालाच खोलीचा अंदाज आला. बसून फिरलेले पिल्लू कडेवरची खोल बाजू ओळखू शकेना. त्याला मोकळे सोडल्यावर ही उणीव लवकरच भरून निघाली, ही समाधानाची गोष्ट. तरी मैदान सोडून पडद्यापुढे बसणाऱ्या मुलांनी या जोडीचे स्मरण ठेवावे.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. मुदतीच्या या सिद्धांताचा आधार घेऊन, पाच वर्षांच्या आत अमुक शिकवले नाही तर मुलाची बुद्धी खुंटते अशी भीती घालणारे वर्ग अलीकडे निघाले आहेत. त्यांचे हे प्रतिपादन निराधार आहे. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या मार्क रोझेनझ्वाइग आणि मेरियन डायमंड या संशोधकांना उंदरांमध्ये असे आढळले की खेळणी आणि सोबती लाभलेल्या प्रौढ प्राण्याच्याही मेंदूत वाढ होते. दृष्टीच्या मूलभूत जोडणीची मुदत कडक आहे, विद्येची नाही.

आपल्या देशाचाही या कथेत वाटा आहे. आंधळ्याने स्पर्शाने ओळखलेला गोल आणि घन, दृष्टी लाभताच त्याला नुसते पाहून ओळखता येईल काय, असा प्रश्न डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी 1688 साली जॉन लॉक या तत्त्ववेत्त्याला पत्राने विचारला होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमधील पवन सिन्हा या भारतीय शास्त्रज्ञाने उत्तर भारतातील जन्मांध मुलांवर उपचार करणारी ‘प्रकाश’ ही योजना उभारली, आणि तिच्यातील शस्त्रक्रिया झालेल्या पाच मुलांकडून 2011 साली या प्रश्नाचे उत्तर मिळाले: पट्टी निघाल्याबरोबर ओळखता येत नाही, परंतु काही दिवसांतच त्यात लक्षणीय सुधारणा होते. उशिरा आलेली दृष्टी अधू असते, तरी ती निष्फळ नसते, हे मोठेच आश्वासन आहे.

तरीही आश्वासनावर विसंबण्यापेक्षा मुदत पाळणे श्रेयस्कर. मानवी बालकात ही मुदत साधारणतः सात-आठ वर्षांपर्यंत पोहोचते, परंतु जन्मजात दाट मोतीबिंदू असल्यास, विशेषतः तो एकाच डोळ्यात असल्यास, पहिल्या दोनेक महिन्यांतच शस्त्रक्रिया व्हावी लागते. म्हणून तान्ह्या मुलाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली तर एक दिवसही दवडू नये. डोळा किंचित तिरळा असणे हे भाग्याचे लक्षण मानण्याची समजूत आपल्या घराघरांत आहे. तिच्यापायी किती डोळे मुदतीबाहेर गेले ते मी माझ्या व्यवसायात पाहिले आहे. दोन डोळ्यांच्या चष्म्याच्या नंबरांत मोठा फरक असला तर बाहेरून काहीच दिसत नाही. मूल चांगल्या डोळ्याने सर्व व्यवहार करते आणि दुसरा डोळा अंधुक आहे याची त्याने तक्रार करावी तरी कशी, त्याला स्पष्ट दिसणे म्हणजे काय हे त्या डोळ्याने कधी कळलेलेच नसते! वेळीच योग्य चष्मा देऊन आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून मागे पडलेल्या डोळ्याचा हक्क पुष्कळदा परत मिळवता येतो. शाळेत त्या पट्टीची कोणी थट्टा करणार नाही एवढी काळजी वर्गमित्रांनी घ्यावी.

तेव्हा शिक्षकांना माझी विनंती आहे, की सुट्टी संपून शाळा भरेल त्याच आठवड्यात बालवाडी आणि पहिलीपासून प्रत्येक मुलाचा एक डोळा जाड पुठ्ठ्याने झाकून (तळहाताने नको, मुले बोटांच्या फटींतून पाहतात) फळ्यावरील अक्षरे वा चित्रे ओळखवून घ्यावीत, मग दुसरा डोळा झाकून पुन्हा ओळखवून घ्यावीत, आणि ज्या मुलाला एका डोळ्याने अडखळायला होईल त्याचे नाव वहीत लिहून त्याच्या पालकांना तत्काळ नेत्रवैद्याकडे धाडावे.