हजार लिटर पाण्याचा हिशेब

(पंचायत पदाधिकारी, ग्रामपातळीवरील अधिकारी व शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले भाषण)



1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पुढे 73 व्या घटनादुरुस्तीने, 24 एप्रिल 1993 पासून, पंचायत राज्याला घटनेचे अधिष्ठान लाभले. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येतील असे जे 29 विषय आहेत, त्यांत पिण्याचे पाणी हा एक आहे. विषय हाती आला, निधीही येऊ लागला. परंतु त्या निधीतून कोणते काम आधी करावे, हे ठरविण्याची रीत आपण पुरेशी अंगी बाणवली आहे काय? आज मी या एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

आपल्या सभांत एखाद्या कामाची चर्चा होते तेव्हा पहिला प्रश्न असतो, "किती निधी मंजूर झाला?" दुसरा असतो, "किती खर्ची पडला?" हे दोन्ही प्रश्न आवश्यकच आहेत. पण गावाला मिळालेली सेवा नगामागे कितीला पडली, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. रोकडवही पै-पैशाचा जमाखर्च सांगते. हजार लिटर पाणी नळापर्यंत पोहोचविण्यास काय पडले, ते सांगत नाही. तो हिशेब आपणच मांडावयाचा असतो.

समजा, 2,000 वस्तीचे व 400 घरांचे एक गाव आहे. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत; आपण आपल्या गावचे घालून पाहावेत. विहिरीवरील पंप वर्षाला 4 कोटी लिटर पाणी उपसतो. विजेचे बिल 1,80,000 रुपये, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे वेतन 1,20,000 आणि जंतुनाशक पावडर व किरकोळ दुरुस्ती 60,000, असा 3,60,000 रुपयांचा खर्च वहीत दिसतो. म्हणजे हजार लिटरला 9 रुपये.

पण हा हिशेब अपुरा आहे. पंप, नळमार्ग व टाकी यांची किंमत 36 लाख रुपये आणि त्यांचे आयुष्य सरासरी 30 वर्षे धरले, तर दरसाल 1,20,000 रुपयांची झीज होते. तिलाच आपण घसारा म्हणतो. योजना शासकीय अनुदानातून झाली म्हणून झीज थांबत नाही. घसारा धरला की खर्च 4,80,000 रुपये व दर 12 रुपये होतो. प्रत्येक घरामागे हा खर्च वर्षाला 1,200 रुपये, म्हणजे महिन्याला 100 रुपये पडतो. पाणीपट्टी किती असावी, या वादाला येथे प्रथमच काही आधार सापडतो.

आता आणखी एक पायरी पुढे जाऊ. उपसलेल्या पाण्यापैकी चौथा हिस्सा जुन्या नळांच्या गळतीत जातो, असे टाकीजवळच्या व गल्लीतल्या मापकांवरून आढळले. घरी पोहोचले 3 कोटी लिटर. खरा दर झाला 16 रुपये. माणशी मिळाले दिवसाला सुमारे 41 लिटर. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी 55 लिटर हे मान धरले आहे. साहजिकच ग्रामसभेत मागणी येते, "नवी कूपनलिका घ्या."

घ्यावी काय? कूपनलिका व पंप यांना 3,00,000 रुपये लागतील व त्या 10 वर्षे चालतील असे धरू. वर्षाचा बोजा 30,000, त्यात वीज व देखभाल 45,000, एकूण 75,000 रुपये. मिळेल एक कोटी लिटर. पण त्याच गळक्या नळांतून जाताना 75 लाख लिटरच घरी पोहोचेल. दर पडला हजार लिटरला 10 रुपये. उलट, 2,25,000 रुपये खर्चून नळमार्गाचा सडका भाग बदलला व तो 15 वर्षे टिकला, तर वर्षाचा बोजा केवळ 15,000 रुपये. त्याने तेवढेच 75 लाख लिटर वाचले, तर दर पडतो 2 रुपये. विजेचे बिलही वाढत नाही. कूपनलिकेचे उद्घाटन होते, जमिनीखालच्या नळदुरुस्तीचे होत नाही. म्हणून हा निर्णय मागे पडतो. कागदावरचे हे दोन आकडे ग्रामसभेपुढे ठेवले, तर तो पुढे येऊ शकेल.

येथे एक धोक्याची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. खर्चाचे विश्लेषण म्हणजे जे स्वस्त तेवढेच करणे नव्हे. गावापासून दूर 20 घरांची एखादी वाडी असते. तेथवर नळ नेण्याचा घरटी खर्च गावठाणाच्या कितीतरी पट येतो, आणि मग "परवडत नाही" असा शेरा पडतो. परंतु त्या 20 घरांतील स्त्रिया रोज दोन-दोन तास पाणी वाहत असतील, तर वर्षाला 14,600 तास होतात. हा खर्च कोणत्याही रोकडवहीत लिहिला जात नाही, कारण तो पंचायत करीत नाही, त्या भगिनी करतात. जो हिशेब हे तास मोजत नाही, तो अपुराच होय. वाडीला पाणी द्यावयाचेच. मात्र त्यासाठी गाव किती भार उचलीत आहे, हे जाणून व ठरवून द्यावयाचे. हिशेबाने दायित्व टळत नाही. ते किती आहे, हे स्पष्ट होते.

शिक्षक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे की, हा हिशेब वरच्या वर्गांतील मुलांकडून फळ्यावर मांडून घ्यावा. सरासरी, शेकडेवारी व गुणोत्तर त्यातच आहे. पदाधिकाऱ्यांनी अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी पाणी, दिवाबत्ती व सफाई या तीन सेवांचा तरी एकेक पानाचा हिशेब तयार करावा व तो चावडीवर लावावा. पंपावर व टाकीवर पाणीमापक नसेल, तर प्रारंभ तेथून करावा.

आपल्या हाती असलेला पैसा लोकांचा आहे. तो नियमानुसार खर्च झाला, एवढे सांगून आपली जबाबदारी संपत नाही. त्यातून किती घरी, किती पाणी, कितीला पोहोचले, हे ज्या दिवशी आपण ग्रामसभेत उभे राहून सांगू शकू, त्या दिवशी पंचायतीचा कारभार खऱ्या अर्थाने लोकांचा झाला असे म्हणता येईल.