सहाशेची झूम घ्यावी का?

छायाचित्रणावर रेडिओवरून बोलायचं म्हणजे जरा गंमतच. मी फोटो दाखवू शकत नाही आणि तुम्ही ते पाहू शकत नाही. पण आजच्या विषयात चित्रांपेक्षा हिशेब जास्त आहे, त्यामुळे निभावून जाईल असं वाटतं.

ताडोब्याला किंवा भिगवणला एकदा जाऊन आलेली मंडळी भेटली, की हमखास विचारतात, "सहाशेची झूम घ्यावी का हो?" सहाशेची म्हणजे सहाशे मिलिमीटरपर्यंत जाणारी, दूरचं जवळ आणणारी लांबलचक लेन्स. प्रश्न हौसेचा वाटतो, पण त्यामागे लाख ते दोन लाख रुपये असतात. कधी ते निवृत्तीच्या पैशांतले असतात, कधी नुकत्या नोकरीला लागलेल्या मुलाचे हप्ते असतात. म्हणून मी "घ्या" किंवा "घेऊ नका" असं एका शब्दात सांगत नाही.

एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचे एक इंग्रज वनाधिकारी होते. त्यांनी उत्तरेतल्या जंगलांत वाटेवर तार ताणून कॅमेरे लावले. वाघाचा पाय तारेला लागायचा, लखकन उजेड पडायचा आणि वाघ स्वतःच स्वतःचा फोटो काढून निघून जायचा. त्या फोटोंचं पुस्तक १९२७ साली आलं. वाघाजवळ जाणं शक्य नाही आणि दुरून टिपणारं सोयीचं साधन नाही, अशा काळातली ती युक्ती. पुढे लांब पल्ल्याच्या लेन्स आल्या, पण सहाशे मिलिमीटर हा आकडा फार काळ श्रीमंतांचा आणि व्यावसायिकांचाच राहिला. २०१३ च्या अखेरीस टॅमरॉननं १५०-६०० जाहीर केली, २०१४ मध्ये सिग्मानं त्याच पल्ल्याच्या दोन आणल्या. २०१५ मध्ये निकॉनची २००-५००, २०१९ मध्ये सोनीची २००-६००, आणि २०२३ मध्ये निकॉनची १८०-६०० व कॅननची २००-८०० आली. मध्यमवर्गाच्या आवाक्यात सहाशे आले ते असे.

आता हिशेब. पूर्ण आकाराचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. त्यावर सहाशेची लेन्स लावली, की दर मीटर अंतरामागे सहा सेंटिमीटर रुंदी चौकटीत मावते. एवढं एकच गणित लक्षात ठेवा. चिमणीएवढा पक्षी दहा मीटरवर बसला आहे, तर चौकट साठ सेंटिमीटरची झाली आणि पक्षी पंधरा सेंटिमीटरचा, म्हणजे पाव चौकट भरली. फोटो छान येईल. उजनीच्या पाण्यात पन्नास मीटरवर रोहित उभा आहे, तर चौकट तीन मीटर रुंद झाली. पक्षी मावला, त्याचं पाण्यातलं प्रतिबिंबही थोडं मावलं.

पण ताडोब्यात वाघ जिप्सीपासून वीस मीटरवर आला तर? सहाशेच्या चौकटीत फक्त एक मीटर वीस सेंटिमीटर मावतं. म्हणजे डोकं आणि खांदे. शेपूट विसरा. तीच लेन्स दोनशेवर आणली, की तीन मीटर साठ सेंटिमीटर मावतं आणि अख्खा वाघ, त्याच्या मागचे बांबू, पुढची धूळ असं सगळं चौकटीत येतं. झूमचा खरा उपयोग हा आहे. लोक सहाशेचा आकडा पाहून लेन्स विकत घेतात, पण जंगलात जिप्सीतून हलता येत नाही, त्यामुळे खालचा दोनशेचा आकडाही तितकाच कामाला येतो. माझ्या मते वाघाचे बरेचसे चांगले फोटो चारशेच्या अलीकडेच निघतात. पक्ष्यांचं मात्र तसं नाही, तिथे सहाशेही अपुरे पडतात.

लहान सेन्सरचा कॅमेरा असेल, तर दुकानदार सांगतो, "साहेब, तुमचे सहाशे नऊशे होतात." होत काही नाही. कडा कातरल्या जातात, एवढंच. दर मीटरमागे सहाऐवजी चार सेंटिमीटर मावतात. पक्षी पाहणाऱ्याला ते फायद्याचं, वाघ जवळ आला की अडचणीचं.

मग दहा लाखांच्या पुढची सहाशेची मोठी लेन्स लोक का घेतात? उजेडासाठी. तिचं छिद्र एफ ४ असतं, म्हणजे सहाशेला चारानं भागा, पंधरा सेंटिमीटर व्यासाची वाट. नाश्त्याच्या बशीएवढी काच. आपली झूम सहाशेवर एफ ६.३ असते, म्हणजे जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर. मोठीतून जवळजवळ अडीचपट उजेड आत येतो. पहाटे फाटक उघडल्यावरची पहिली पाऊण तास, साग-बांबूतल्या सावल्या, पावसाळी आभाळ अशा वेळी हा फरक जाणवतो. तिथे झूमवाल्यानं आयएसओ वाढवायचा, आणि तो वाढवताना कचरू नये. फोटो दाणेदार आला तर संगणकावर बराच निवळतो. हललेला फोटो मात्र कुठलाच संगणक नीट करून देत नाही.

वजनाचंही बोलायला हवं. या बहुतेक झूम दोन किलोंच्या आसपास आहेत, सिग्माची एक तर पावणेतीन किलोंच्या वर. भाजीची पिशवी दोन किलोंची असते हो, पण ती डोळ्यासमोर धरून दहा मिनिटं कोणी उभं राहत नाही. म्हणून विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्यानं आणा. पुण्या-मुंबईत अशा लेन्स भाड्यानं मिळतात. घराजवळच्या तळ्यावर जा, गायबगळे टिपा, उडणाऱ्या घारीमागे फिरा. माझ्या ओळखीतले एक निवृत्त बँक कर्मचारी दोन दिवसांनी म्हणाले, "खांदा नाही म्हणतोय." त्यांनी १००-४०० ची हलकी झूम घेतली, आणि त्यांचे खंड्याचे फोटो आज कोणीही हेवा करावा असे आहेत.

लेन्स आली, आता वापर. हात थरथरला तर सावरणारी यंत्रणा आतमध्ये असते. पण ती तुमचा हात सावरते, हरणाची मान नाही. चालणाऱ्या वाघाला सेकंदाचा पाचशेवा भाग, उडणाऱ्या पक्ष्याला दोन हजारावा, इथून सुरुवात करावी. जिप्सीचं इंजिन चालू असेल तर थरथर लेन्सपर्यंत पोचते. चालकदादांना बंद करायला सांगा, ते ऐकतात. जिप्सीत ट्रायपॉड ठेवायला जागाच नसते, तिथे कापडी पिशवी कामाला येते. घरून रिकामी न्यायची, मुक्कामी तांदूळ किंवा हरभरे भरायचे, जिप्सीच्या दांडीवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवायची. परतताना धान्य तिथेच कुणाला तरी देऊन टाकायचं. इतकं स्वस्त आणि चांगलं साधन दुसरं नाही.

आणि मे महिन्यातली दुपार! तापलेल्या जमिनीवरची हवा हलते, दूरचं सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं लहरतं. फोटो मऊ येतो आणि बिचाऱ्या लेन्सला दोष मिळतो. दहा लाखांची लेन्सही तिथे तसाच फोटो देईल. अशा वेळी कॅमेरा खाली ठेवून पाणवठ्यावर नुसतं बघत बसावं.

एक गोष्ट मात्र मला मनापासून सांगायची आहे. लांब लेन्स कशासाठी? लांब राहता यावं म्हणून. पण होतं उलटंच. सहाशे हातात आले, की माणसाला फोटोत पापणीचे केस मोजावेसे वाटतात आणि तो आणखी पुढे सरकतो. काही वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला कोकणातल्या एका वाडीत स्वर्गीय नर्तकाचं घरटं पाहिलं. नर त्या लांब पांढऱ्या शेपटीनिशी अंड्यांवर बसला होता. दोन दिवसांनी गेलो, तर घरट्यासमोरच्या डहाळ्या कोणीतरी स्वच्छ छाटलेल्या. फोटोत पानं मध्ये येत होती ना! घरटं उघडं पडलं होतं, कावळा वरच्या फांदीवर होता आणि घरट्यात काहीच नव्हतं. ती पानं म्हणजे त्या पक्ष्याचं छप्पर होतं, दारही होतं.

म्हणून विणीच्या काळात घरट्याचे फोटो मी काढत नाही आणि कोणाला जागा सांगतही नाही. माळावर चालताना टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर तिची अंडी जवळपास उघड्या जमिनीवर आहेत असं समजावं आणि आल्या पावली मागे फिरावं. चिंकारा चरायचा थांबला, मान वर करून तुमच्याकडेच पाहू लागला, की तुम्ही गरजेपेक्षा जवळ आलात. भिगवणला नाववाल्यांना "थवा उडवा हो, उडताना पाहिजे" म्हणणारेही आपल्यातलेच. लांबचा प्रवास करून आलेल्या पक्ष्याला तिथे खायचं आणि विसावायचं असतं. नाववाल्या दादांना आधीच सांगावं, "लांबच थांबवा, आमची लेन्स मोठी आहे." त्यांनाही बरं वाटतं, त्यांचं पोट त्या पक्ष्यांवरच आहे.

शेवटी थोडं निगेबद्दल. जुनी लेन्स घेणार असाल, तर टॉर्च लावून काचेतून आरपार पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सौदा सोडून द्या. झूम करताना नळी बाहेर येणारी लेन्स हवा आत ओढते, आणि हवेबरोबर ताडोब्याची धूळही. सोनीच्या २००-६०० ची किंवा निकॉनच्या १८०-६०० ची नळी बाहेर येत नाही, तेवढा त्यांचा फायदा. जिप्सीत लेन्स बदलू नये. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, लेन्स कापडी बॅगेत कपाटात कोंडून ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. खड्यांचा रंग बदलला, की पुड्या बदलायच्या. आणि आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून खिडकीतून समोरच्या तारेवरचा भिजलेला कावळा टिपायचा.