वाट लपवायची, पण किती?

(मंडळाच्या व्यासपीठावर दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले, तेव्हा आमच्या पेडणे-डिचोलीकडे झाडे कोसळली, वीज गेली आणि मोबाइलही मुके झाले. शेजारच्या एका काकींनी औषधासाठी चिठ्ठी लिहून दिली. ती तीन हातांतून बाजारात पोहोचली. संध्याकाळी औषध आले. पण काकींचे दुखणेही गावभर झाले!

टॉवरशिवाय चालणाऱ्या बिनतारी जाळ्याची, म्हणजे 'अॅड हॉक नेटवर्क'ची, अडचण हीच. आरतीचे तबक जसे हातोहात पुढे सरकते, तसा इथे एक फोन दुसऱ्याला निरोप देतो, दुसरा तिसऱ्याला. मजकूर कुलूपबंद करता येतो. पण कोणी, कोणाला निरोप पाठवला, हे उघडे राहिले तर अर्धे गुपित फुटलेच.

नेहमीची पद्धत वाट शोधताना दोघांचे पत्ते उघडपणे विचारते. २००३ मध्ये मांडलेल्या 'एएनओडीआर' पद्धतीत पत्ते झाकलेले असतात. वाट शोधताना मधला प्रत्येक जण आपले एक आवरण चढवतो, उत्तर परतताना तेच उतरवतो. पुढचा निरोप तात्पुरत्या क्रमांकांवर चालतो. मधल्याला फक्त शेजारचे तात्पुरते क्रमांक कळतात.

हे फुकट होत नाही. प्रत्येक आवरणाला वेळ लागतो, बॅटरी लागते. एखादा फोन हलला की वाट तुटते आणि सगळे पुन्हा सुरू करावे लागते.

आपल्या गोव्याला हा हिशेब जुनाच आहे. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेवरच्या जंगलातून स्वातंत्र्याचा गुप्त रेडिओ सुरू केला. आवाज गोवाभर पोहोचायला हवा आणि जागा तर कळता कामा नये! पण रेडिओलहरी जितकी दूर जाते, तितकी ती कुठून आली हे शोधणेही शक्य होते. तरीही १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत तो आवाज चालू राहिला.

मी पदविकाधारक सरकारी नोकर, संशोधक नव्हे. पण मला वाटते, गुप्ततेचे माप प्रसंग पाहून ठरवावे. रस्त्यावर झाड पडले, पूर चढला, हा निरोप उघडा आणि वेगाने जावा. काकींच्या औषधाचा निरोप थोडा उशिरा पोहोचला तरी चालेल, पण झाकून जावा. आणि कोणता निरोप कसा पाठवायचा, हे यंत्राने नव्हे, काकींनी ठरवावे.

गणपती बाप्पा मोरया!