हातांच्या श्रमाची कैफियत



ज्या भूमीत बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कायकाला, म्हणजे श्रमाला, उपासनेची योग्यता दिली, त्या भूमीतील श्रोत्यांना श्रमाची महती सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु श्रमणाऱ्या देहाची जी झीज होते तिची दाद कोठे लागते, हा प्रश्न अद्याप अनिर्णीत आहे, आणि त्याचीच कैफियत मी आज आपणांपुढे मांडणार आहे.

बिदरी ह्या धातुकामाचेच उदाहरण घ्या. त्याला 2006 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 साली पद्मश्री देऊन सरकारने ह्या कलेचा गौरव केला, हे यथोचितच झाले. जस्त आणि तांबे यांच्या मिश्रधातूची वस्तू ओतावयाची, ती कानशीने घासून गुळगुळीत करावयाची, मोरचुदाने काळवंडलेल्या पृष्ठभागावर नक्षी रेखून छिन्नीने कोरावयाची, त्या चरांत चांदीची तार लहान हातोडीने ठोकून बसवावयाची आणि अखेरीस बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या योगाने काळा रंग पक्का करावयाचा, असा हा क्रम आहे. मातीचे गुण सर्वांना ठाऊक आहेत. परंतु कोरणीच्या वेळी जमिनीवर बसून, मान झुकवून, एका मुठीत छिन्नी आवळून धरणारा आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर अव्याहत आघात करणारा कारागीर आपल्या मनगटावर, कोपरावर आणि पाठीच्या कण्यावर किती भार घेतो, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

अशा भारातून उद्भवणाऱ्या दुखण्याचे शारीर कारण समजून घेण्याजोगे आहे. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेत रक्तपुरवठा अल्प असतो, म्हणून श्रमाने स्नायू जितक्या त्वरेने बळकट होतो तितक्या त्वरेने कंडरा होत नाही. एकच हालचाल सहस्रावधी वेळा घडली आणि मध्ये विसावा मिळाला नाही, म्हणजे तिचे सूक्ष्म तंतू विस्कळीत होऊ लागतात, आणि दुखणे जाणवते तेव्हा ही झीज बरीच पुढे गेलेली असते. कोपराला स्टेरॉइडची सुई टोचली की वेदना थोड्याच दिवसांत शमते, हे खरे. परंतु अशा रुग्णांची वर्षभरानंतरची अवस्था सुई न घेतलेल्यांहून पुष्कळदा वाईट आढळली आहे. गुण येतो तो भार काही काळ कमी केल्याने आणि मग व्यायामाने तो क्रमाक्रमाने वाढवीत नेल्याने, आणि त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात.

इथेच सारा अन्याय दडलेला आहे. सचिन तेंडुलकरांना 2004 साली ‘टेनिस एल्बो’, म्हणजे कोपराच्या कंडरेचा हाच विकार, झाला तेव्हा साऱ्या देशाला त्या कोपराची चिंता लागली, सामने सोडून त्यांना विश्रांती देण्यात आली, पुढील वर्षी लंडनला शस्त्रक्रिया झाली, आणि ते सर्व रास्तच होते. सायंकाळी हौसेने बॅडमिंटन खेळणाऱ्या नोकरदारालाही हे दुखणे जडते, व तो रॅकेट महिनाभर खुंटीला टांगू शकतो. वस्तुतः जर्मनीतील रुंगे यांनी 1873 साली हा विकार प्रथम नोंदविला तो लेखणी चालविणाऱ्यांच्या संदर्भात. टेनिसपटूंच्या हाताची वार्ता 1882 सालची आहे. श्रमिकाचे दुखणे आधीचे, लौकिक मात्र खेळाडूचा! कारागिराने महिनाभर हातोडी खाली ठेवली तर नगावर मिळणारी त्याची मजुरी त्याच दिवशी बंद पडते. म्हणून वैद्याने सांगितलेली विश्रांती त्याच्यापुरती केवळ कागदावर राहते.

कलबुर्गीच्या तुरीची कापणी करणाऱ्या बायांची कंबर आणि डाळगिरण्यांत पोती वाहणाऱ्या हमालांचे गुडघे यांचीही कथा निराळी नाही. 1948 च्या कायद्याने सुरू झालेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाच्या काळात रोख साहाय्याची तजवीज आहे, आणि कलबुर्गीत त्याच योजनेचे मोठे रुग्णालयही उभे आहे. परंतु घरच्या ओसरीवर काम करणारा कारागीर आणि शेतावरची मजूरबाई त्या योजनेच्या कक्षेबाहेरच राहतात. माझ्या मते हा व्यवस्थेतील अक्षम्य दोष आहे, आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2010 साली आपल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत कोपर व मनगट यांच्या अशा विकारांचा समावेश केल्यानंतर तो तसाच राहू देण्यास कोणतीही सबब उरलेली नाही.

रामाझ्झिनी ह्या इटालियन वैद्याने 1700 साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांत ‘तुमचा धंदा कोणता?’ ह्या प्रश्नाची भर घातली. बिदर आणि कलबुर्गी ह्या दोन्ही जिल्ह्यांतील डॉक्टरांना माझी विनंती आहे, की मान, कंबर वा हात दुखतो म्हणून कोणी आपल्याकडे आला, तर त्याला हा प्रश्न अवश्य विचारा आणि त्याचे उत्तर केसपेपरावर लिहून ठेवा; कारण अशा नोंदी साठल्यावाचून सरकारदरबारी ह्या हातांच्या वतीने कोणताही दावा उभा करता येणार नाही.